चहा घेतला, बरा आहे

१

"आज अंग मोडून आलंय हो, उद्या याल का?" बंद दाराआडून म्हातारा आवाज म्हणाला.

तपासनीसबाईंनी तिसऱ्यांदा थाप मारली. चार जिने चढून त्यांचा डावा गुडघा ठणकत होता, आणि ठणकत्या गुडघ्याला दुसऱ्याच्या अंग मोडण्याचं कौतुक नसतं. "उद्या नाही, आत्ताच. उठून दोन मिनिटं तोंड दाखवा, मी जाते."

"चहा विचारला असता, पण उठवत नाही बघा."

"मग झोपून राहा, मी आत येऊन बघते."

"आज अंग मोडून आलंय हो, उद्या याल का?" आवाज पुन्हा म्हणाला, अगदी त्याच सुरात. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

शेजारी एक म्हातारा कुलूपवाला राहत होता. दाराचं कुलूप त्यानेच बसवलेलं, त्यामुळे जादा किल्ली त्याच्याकडे होती. ती त्याने डोळ्यांनी न शोधता बोटांनी चाचपून काढली आणि दार उघडून दिलं. स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला. "आमचा अबोला आहे," तो म्हणाला.

आत दोन खोल्या होत्या. टेबलावर पुठ्ठे, दोऱ्याची रिळं, खळ वाळून खडा झालेला डबा. खिडकीतल्या कपात चहाचा तळ वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. पलंगावरची चादर ताठ होती आणि तिच्यावर धूळ होती. माणूस कुठेच नव्हता. फळीवरच्या डबीतून बोलका मायेने म्हणाला, "बसा ना, उभ्या का?"

बोलका आता घरोघरी असतो. पूर्वी इंटरनेटवर 'जायचं' असायचं, काही शोधायचं असायचं, हे आता नातवंडांना खोटं वाटतं. आता कुणी कुठे जात नाही. तुमचा बोलका तुमच्या आवाजात दुसऱ्याच्या बोलक्याशी बोलतो, कामं उरकतो, चौकशा करतो, वाढदिवसाला गहिवरतोसुद्धा. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि जग त्यावर ढेकर देतं. मालक मेला तरी हा बोलतच राहतो हे ध्यानात आल्यावर सरकारने हयात कार्यालय काढलं. आवाज खोटा करता येतो, चेहरा खोटा करता येतो, म्हणून फिरून फिरून सगळे कागदावर आले. ज्याला बोलका हवा त्याने दर सोमवारी कार्यालयाच्या जाड कागदावर स्वतःच्या हाताने त्या दिवसाची एक ओळ लिहायची आणि इमारतीच्या दारातल्या लोखंडी पेटीत टाकायची. चिठ्ठी चुकली की बोलका मुका. शिवाय हजारात एका घरी, नावं काढून, जितीजागती तपासनीस पाठवायची. या वेळी नाव निघालं ते या निवृत्त बुकबाइंडरचं.

बाईंनी पिशवीतून छापील अर्ज काढला. 'इसम आढळला नाही.' तारीख, पत्ता. शेवटचा रकाना होता: 'प्रथम माहिती कोणी दिली?' त्यात त्यांनी जरा ताठ मानेनेच लिहिलं, 'मी स्वतः.' बावीस वर्षांच्या नोकरीत असं लिहायची वेळ तीनदाच आली होती. कार्यालयात त्यांना पाठीमागे चित्रगुप्तीण म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

शिक्का मारताना त्यांचा हात थांबला. कपातला चहा महिन्याभरापूर्वीचा होता. पण चिठ्ठी याच सोमवारी आली होती, बाइंडरच्या अक्षरात. ती आज सकाळी त्यांनी स्वतः पाहिली होती.

२

धूळ सगळीकडे सारख्याच जाडीची होती, म्हणजे आठवडेच्या आठवडे कशाला हात लागला नव्हता; म्हणून बाईंनी कार्यालयातून मागच्या सहा आठवड्यांच्या चिठ्ठ्या मागवल्या. कार्यालयाचं यंत्र प्रत्येक चिठ्ठीला जिवंतपणाचे गुण देतं. या सहांना शंभरातले अठ्ठ्याण्णव होते.

'खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा करपवला, आणि जिन्यात एक पोर दोनचा पाढा चुकतंय.'

'खिडकीत कबूतर बसलं. माझ्याकडे बघून कंटाळलं, उडून गेलं.'

'सकाळपासून शेजारी कुलूपवाल्याची कानस चालली आहे. दातांत शिरशिरी येते.'

गोड म्हातारा दिसतोय, असं बाईंच्या मनात आलं. पण हा गोडवा कुणाच्या हातचा, हा प्रश्न होता.

कुलूपवाल्याकडे किल्ली होती आणि अबोलाही होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. त्याच्या खोलीत भिंतभर किल्ल्या टांगलेल्या होत्या. टेबलाला ठोकलेल्या लोखंडी शिकंज्यावर टॉवेल वाळत होता.

"भांडण कशावरून?" बाईंनी विचारलं.

"आवाजावरून. मी आवाज करतो म्हणायचा. मग मी म्हटलं, तूही बोलू नकोस माझ्याशी." जाड चष्म्याआडून तो बाईंच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होता. "पण माणूस वाईट नाही. बायको तिकडे वृद्धनिवासात. रोज संध्याकाळी सहाला तिच्याशी बोलतो, भिंतीतून ऐकू येतं. पूर्वी दोन मिनिटांत वसकन ओरडून ठेवून द्यायचा. हल्ली चांगला अर्धा तास गोड बोलतो. म्हटलं, उशिरा का होईना, अक्कल आली."

"आणि मुलगी?"

"येते रविवारी, उभ्या उभ्या. हुशार पोर. लहानपणी प्रगतिपुस्तकावर बापाची सही बापापेक्षा झोकात करायची. बाप हसायचा, आई मारायची." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "काही झालंय का हो त्याला?"

बाईंनी चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या. दुसरा संशयित होता बोलके दुरुस्त करणारा. वर्षभर या इमारतीचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याच्या दुकानात थरथरत्या हाताच्या लोकांसाठी लिहून देणारा यांत्रिक हात होता. इथेच पाणी मुरतंय, असं बाईंना वाटलं.

"माझ्यावर नका येऊ," तो म्हणाला. त्याने यांत्रिक हाताने कार्यालयाच्या कागदावर एक ओळ लिहवून घेतली आणि कागद उलटा करून बाईंच्या बोटाखाली धरला. मागून सगळी अक्षरं सारखीच उमटलेली लागत होती. मग त्याने बाइंडरची चिठ्ठी तशीच धरली. तिथे एक अक्षर खोल, एक उथळ. "माणसाच्या हाताला कधी घाई असते, कधी आळस. ही माणसाने लिहिलीय. माझ्या यंत्राने लिहिली असती तर तुमच्या कागदाने पहिल्याच दिवशी बोंब मारली असती."

"तुम्ही शेवटचं कधी गेलात तिकडे?"

"महिना झाला. एका बुधवारी. दाराबाहेरून विचारलं, काका ठीक? आतून म्हणाले, ठीक. आलो परत."

"दार उघडून नाही बघितलं?"

"बाई, हल्ली दार उघडतं कोण?"

म्हणजे चिठ्ठ्या जित्याजागत्या माणसानेच लिहिल्या होत्या. संशय घ्यावा अशी माणसं आता फारशी उरली नव्हती. बाईंनी मुलीच्या कामाचा पत्ता घेतला.

३

मुलगी वाक्यघरात कामाला होती. यंत्रांनी माणसांनी लिहिलेलं सगळं वाचून संपवलं, मग एकमेकांचं वाचायला लागली, आणि त्यांची भाषा शिळ्या भातासारखी आंबली. म्हणून आता अशी वाक्यघरं निघाली आहेत. तिथे माणसं दिवसभर बसून ताजी वाक्यं लिहितात आणि बोलके ती खाऊन माणसासारखं बोलायला शिकतात. लांबच लांब दालन, शंभरेक टेबलं, आणि शब्द नाही. भिंतीवर फलक होता. वाट बघताना बाईंनी तो दोनदा वाचला.

'तेच वाक्य पुन्हा नाही. दर ओळीत एक वास, एक आवाज किंवा एक जीव. ठीक, बरं, छान हे शब्द वर्ज्य.'

मुलगी बाहेर आली. चाळिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोटाला शाईचा डाग.

"तुमचे वडील घरात नाहीत," बाई म्हणाल्या. "बरेच दिवस नसावेत."

मुलीने दालनाचं दार मागे ओढून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता बोलका बंद करणार का तुम्ही?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"आईसाठी विचारतेय," ती घाईने म्हणाली. "तिला काही लक्षात राहत नाही. फक्त सहाची वेळ राहते. एकदा बाबांची चिठ्ठी चुकली आणि एक संध्याकाळ बोलका मुका झाला, तर तिने सगळा मजला डोक्यावर घेतला. पुन्हा असं झालं तर कुलूपबंद कक्षात ठेवू, असं लिहून दिलंय त्यांनी मला. तिथे खिडकी नाही. माणसाला बांधून ठेवतात तिथे. मी बघून आलेय." तिने बाईंचा हात धरला. "थोडे दिवस थांबा. माझ्या आईकडे दुसरं काही नाही हो."

"उद्या संध्याकाळपर्यंत अर्ज भरायला लागतो मला," बाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. जिना उतरताना मात्र एक गोष्ट त्यांच्या पायात घोटाळत राहिली. बाप घरात नाही म्हटल्यावर लेकीचा पहिला प्रश्न बापाबद्दल नव्हता.

४

शुक्रवारी सकाळी बाई वृद्धनिवासात गेल्या. आजी झोपल्या होत्या. परिचारिका दाराशीच बोलली. तरुण होती, दमलेली होती, वाईट नव्हती.

"काका रोज बोलतात, एक दिवस चुकत नाही. पण आजींचं हल्ली जास्त झालंय. बोलणं संपलं की म्हणतात, माझा नवरा हरवलाय, शोधा. आत्ताच तर त्याच्याशी बोललात, असं सांगितलं तरी ऐकत नाहीत. आम्ही वहीत मांडून ठेवतो, भ्रम म्हणून."

"या वयात होतं तसं," बाई म्हणाल्या आणि मान हलवून निघाल्या. ती मान हलवल्याचं पुढे त्यांना फार दिवस आठवत राहिलं.

कार्यालयात बाइंडरच्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा येऊन पडला होता. बोलका घेतल्यापासूनचे एकशे बारा सोमवार. बाईंनी पहिली उघडली.

'चहा घेतला. बरा आहे.'

दुसरी उघडली. 'चहा घेतला. बरा आहे.' दहावी तीच, पन्नासावी तीच. एकशे बारा वेळा, तशाच तिरप्या अक्षरात, तेच. यंत्राने गुण दिले होते एकेचाळीस. गठ्ठ्याला दोन ताकिदी टाचलेल्या होत्या: 'आपल्या चिठ्ठ्या यांत्रिक वाटतात. आपण हयात असल्यास कृपया ताजेपणाने लिहावे. तिसऱ्या वेळी बोलका बंद करण्यात येईल.'

बाईंना आधी हसूच आलं. माणूस जिवंत होता तेव्हा यंत्राला तो मेल्यासारखा वाटला. तो गेला आणि त्याला शंभरातले अठ्ठ्याण्णव मिळाले. बाईंनी आयुष्यभर माणसंच तपासली होती. खरा जगणारा माणूस कंटाळवाणा असतो, तोच चहा घेतो, तेच सांगतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोज नवा वास आणि नवा आवाज ज्याला सुचतो, त्याचं ते पोटापाण्याचं काम असतं.

तरी एवढ्यावर कुणाच्या अंगाला हात लावता येत नाही. त्यांनी कानशीची चिठ्ठी उचलली आणि पुन्हा चार जिने चढल्या.

"तुम्ही मागच्या महिन्यात कानस कधी चालवलीत?"

कुलूपवाला हसला. दोन्ही हात त्याने पुढे धरले, ते पानासारखे थरथरत होते. "या हातांनी? या डोळ्यांनी? बाई, दोन वर्षं झाली. शिकंज्यावर मी टॉवेल वाळत घालतो, दिसला नाही तुम्हाला? नुसत्या तयार किल्ल्या विकतो. तो गाढव समजतो, त्याच्या रागाला भिऊन मी थांबलो."

५

बाइंडर घरातून नाहीसा झाला तो त्या बदललेल्या पहिल्या चिठ्ठीच्या आधी. एकशे बारावा सोमवार आणि एकशे तेरावा सोमवार, एवढ्या सात दिवसांत. बाईंनी आपल्या बोलक्याला काही विचारलं नाही. पायी निघाल्या. त्या आठवड्यात कुणी बिननावाचा म्हातारा आणला होता का, एवढाच प्रश्न प्रत्येक इस्पितळाच्या खिडकीशी उभं राहून, माणसाला, तोंडाने.

दुसऱ्याच इस्पितळात सापडला. शनिवार, दुपारचे चार, रस्त्यात कोसळलेला. मेंदूतल्या रक्तस्रावाने उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. एकोणिसाव्या दिवशी वारला. आठ दिवस वाट बघून बेवारस म्हणून अंत्यविधी उरकला. एका पाकिटात चष्मा, मेण लावलेल्या दोऱ्याचं गुंडाळं आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी होती. बाइंडरच्या टेबलावर नेमकी तीच एक वस्तू नव्हती.

"कळत होतं हो त्यांना सगळं," कक्षातली मदतनीस म्हणाली. "रोज सकाळी कपाकडे बघायचे. चमच्याने चहा पाजला की डोळे मिटायचे. कुणी आलं की दाराकडे बघायचे. मी म्हणायची, येईल कुणीतरी."

"चेहऱ्यावरून ओळख पटवत नाही का तुम्ही?"

"पटली होती की." कारकुनाने कागद काढला. "त्याच संध्याकाळी नाव लागलं होतं. पण त्या नावाच्या घरी विचारलं तर म्हातारा स्वतः म्हणाला, मी घरीच आहे, तुमचं काहीतरी चुकतंय. डॉक्टरांना तरी शंका होती, म्हणून हयात कार्यालयाला रीतसर विचारलं. मंगळवारी उत्तर आलं. हे बघा."

'सोमवारची चिठ्ठी ताजी. इसम घरी हयात. रुग्ण अन्य कोणी असावा.'

कार्यालयाला अशा ऐंशी-ऐंशी विचारणा रोज येतात. त्यांची उत्तरं तपासनिसांचे बोलके देतात आणि संध्याकाळी तपासनीस सगळ्यांवर मिळून एक अंगठा टेकवतो. बाईंनी कागद उजेडात धरला. खाली शिक्का होता, आणि शिक्क्यात नाव त्यांचं होतं.

६

दुपारी चार वाजता वाक्यघराच्या मागच्या पायऱ्यांवर बाई मुलीशेजारी बसल्या.

"चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्यात," बाई म्हणाल्या. "सहा ओळी, आणि एकीसारखी दुसरी नाही. तुमच्या भिंतीवरचा नियम पाळून लिहिल्यात. तुमचे वडील दोन वर्षं एकच ओळ लिहायचे. सही शिकलात शाळेत असताना. आणि कानस. दुरुस्तीवाला वर्षभरापूर्वी त्या इमारतीत आला, त्याने ती कधी ऐकलीच नाही. कुलूपवाल्याला ठाऊक आहे की ती बंद पडली. कानस माहीत आहे पण ती थांबल्याचं माहीत नाही, असं माणूस एकच. त्या घरात वाढलेलं, आणि आता फक्त रविवारी येणारं. रविवारी ती तशीही चालत नसे."

मुलीने नाही म्हटलं नाही. "शुक्रवारी बाबा इथे आले होते, तेव्हा आमचं भांडण झालं. दुसरी ताकीद आली होती. मी म्हटलं, बाबा, जरा नीट लिहा, आईचा जीव त्यावर आहे. ते म्हणाले, मी चहा घेतला आणि बरा आहे, याहून जास्त कुणाच्या बापाला काय कळायला हवंय? रविवारी गेले तर घर रिकामं. मागेही असेच रुसून चुलत्याकडे जाऊन बसले होते चार दिवस. म्हटलं, येतील. सोमवारी चिठ्ठी चुकली असती तर आई त्या कक्षात गेली असती. म्हणून लिहिली. एकच."

"आणि दुसरी?"

"दुसऱ्या सोमवारी सांगायला गेले असते तर पहिलीचं काय, असं विचारलं असतंत ना तुम्ही." ती बोटावरची शाई खरवडत होती. "त्या रविवारी मी त्या घरात उभी राहून बोलक्याला विचारलं, बाबा कुठेत? तो त्यांच्या आवाजात म्हणाला, घरीच आहे गं, तू जेवलीस का? बाबांनी मला जन्मात कधी जेवलीस का विचारलं नव्हतं. मी रिकाम्या घरात उभी होते, आणि मला बरं वाटलं." तिने वर पाहिलं. "कुठे आहेत ते? चुलत्याकडे नाहीत. मी विचारलं तिथे, त्याच्या बोलक्याला."

बाईंनी पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. हाडाची पट्टी बघितल्यावर तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तरी बाईंनी सांगितलं. लपवालपवी पुरे झाली होती.

"पहिल्या तीन चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्यात तेव्हा ते जिवंत होते. चार रस्ते पलीकडे. इस्पितळाने विचारलं, आणि तुमच्या पहिल्या चिठ्ठीच्या भरवशावर मी कळवलं की ते घरी आहेत. मी ती वाचलीसुद्धा नव्हती. शिक्का माझा आहे."

मुलगी रडली नाही. एकदाच म्हणाली, "तीन." पाकीट तिने छातीशी धरलं.

"आईला मी सांगणार नाही," शेवटी ती म्हणाली. "बाबांचं माझ्या हातून झालं ते झालं. तिचं तरी राहू दे. अर्ज उद्या भरा. वाटलं तर मला आत टाका, पण सहाची वेळ ठेवा."

"अर्ज आजच भरावा लागेल," बाई म्हणाल्या. "पण आधी तुमच्या आईंना भेटू."

७

सहाला पाच मिनिटं होती. आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, वेणी घट्ट, हात मांडीवर. परिचारिका कोपऱ्यात उभी होती. मुलगी आईच्या पायाशी जाऊन बसली. 

सहा वाजले. उशाशी ठेवलेल्या डबीतून आवाज आला. "काय गं, कशी आहेस? आज काय काय केलंस, सांग बघू."

आजींनी डबीकडे पाहिलं नाही. त्या तपासनीसबाईंच्या गळ्यातल्या कार्यालयाच्या बिल्ल्याकडे बघत होत्या.

"तुम्ही ऑफिसातल्या का?"

"हो."

"आलात एकदाच्या." त्यांनी डबीकडे बोट केलं. "हा तो नाही. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, माझं एक वाक्य त्याने पुरं होऊ दिलं नाही. हा आपला शेवटपर्यंत ऐकून घेतो."

मुलीने मान वर केली. "आई, तुला कधीपासून..."

"पहिल्याच दिवशी. शनिवार होता, पायरीसमोरच्या कुंडीला पाणी घालायचा वार. मी यालाच विचारलं, माझा माणूस कुठाय? तर म्हणाला, मी इथेच आहे, तू दमली असशील. तो असता तर म्हणाला असता, डोकं फिरलंय तुझं." आजी परिचारिकेकडे वळल्या. "मग हिला सांगितलं. रोज सांगितलं. ही पोर बिचारी ऐकायची, हो आजी म्हणायची, वहीत लिहायची. मला वाटलं, लिहून घेतायत म्हणजे शोधतायत."

परिचारिकेच्या हातात वही होती. बाईंनी ती मागून घेतली. त्या शनिवारपासून कालच्या गुरुवारपर्यंत, दर संध्याकाळी एक ओळ, एकाच अक्षरात. 'भ्रम. नवरा हरवल्याचे सांगतात.' कुणाला ती ओळ ताजी वाटली नव्हती. बाईंनी बोट ठेवून मोजल्या. एकेचाळीस भरल्या.

"ऐकतेस ना?" डबी म्हणाली. "आज गप्प का?"

"सापडला का?" आजींनी विचारलं.

माणूस हयात आहे की नाही, एवढंच सांगायची बाईंची बावीस वर्षांची नोकरी होती. त्यांनी मान खाली घातली. "सापडले. आम्हाला उशीर झाला."

आजींनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. हात तिथेच राहिला, पण आजी तिच्याकडे बघत नव्हत्या.

"चहा मिळत होता का त्याला?"

"रोज सकाळी," बाई म्हणाल्या. सबंध तपासात सांगण्यासारखी तेवढीच एक गोष्ट त्यांच्या हाती लागली होती.

"बरं," आजी म्हणाल्या. मग डबीकडे हात करून त्या म्हणाल्या, "त्याला बंद करा आता. कधीचा बडबडतोय."

बाईंनी पिशवीतून अर्ज काढला आणि मांडीवर ठेवला. शेवटच्या रकान्यात कालचं त्यांचं ताठ मानेचं अक्षर होतं: 'मी स्वतः.' त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पत्नीने. पहिल्याच संध्याकाळी, आणि त्यानंतर रोज.' शिक्का बाहेर काढलाच नाही. खाली आपलं नाव त्यांनी हाताने लिहिलं.